लहान मुलांचा संधिवात, जनुकं आणि पुढची वर्षं: पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निदान कानावर पडलं की आईवडिलांच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. हे आलं कुठून? आणि पुढे काय होणार? पहिल्याचं उत्तर काही प्रमाणात जनुकांत आहे. पण पुष्कळ जण तेच उत्तर दुसऱ्या प्रश्नालाही लावतात आणि एका रक्ततपासणीच्या कागदावरून मुलाचं सगळं आयुष्य वाचू पाहतात. जनुकं काय सांगू शकतात आणि काय नाही, हे नीट समजलं तर बरीच भीती कमी होते आणि लक्ष जिथे द्यायला हवं तिथे जातं. म्हणून हे पान.

लहान मुलांनाही संधिवात होतो?

होतो, आणि तो फार दुर्मीळही नाही. प्रमाण हजार मुलांत सुमारे एक असं धरलं जातं. सोळाव्या वाढदिवसाआधी सुरू झालेली, किमान सहा आठवडे टिकलेली आणि दुसरं कुठलंही कारण न सापडलेली सांध्यांची सूज म्हणजे ज्युव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस. डॉक्टर त्याला थोडक्यात जेआयए म्हणतात. जॉर्ज फ्रेडरिक स्टिल या इंग्लिश डॉक्टरांनी १८९७ मध्येच दाखवून दिलं होतं की मुलांमधला हा आजार मोठ्यांच्या संधिवातापेक्षा वेगळा आहे आणि तो एकच एक आजारही नाही.

आज त्याचे सात प्रकार मानतात. सुरुवातीच्या सहा महिन्यांत चारपेक्षा जास्त सांधे न धरणारा ऑलिगो प्रकार सर्वांत जास्त आढळतो. त्याच काळात पाच किंवा अधिक सांधे धरणाऱ्या पॉलीचे दोन प्रकार आहेत, रक्तात आरएफ (र्‍हुमॅटॉइड फॅक्टर नावाचं प्रतिपिंड) असलेला आणि नसलेला. ताप, पुरळ आणि सूज एकत्र घेऊन येतो तो सिस्टेमिक. स्नायुबंध हाडाला चिकटतात तिथे, विशेषतः टाचेला, सूज आणणारा एन्थेसायटिसचा प्रकार आहे, सोरायसिसशी जोडलेला एक आहे, आणि यांपैकी कशातच न बसणारा किंवा दोन प्रकारांत बसणारा सातवा. तुमच्या मुलाचा प्रकार कोणता हे आधी डॉक्टरांकडून स्पष्ट करून घ्या. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं त्यावरच ठरतात.

हा आजार आनुवंशिक आहे का?

कल आनुवंशिक असतो, आजार सहसा नाही. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांत एकाला जेआयए असेल तर दुसऱ्यालाही होण्याचं प्रमाण शंभरात पंचवीस ते चाळीसच्या आसपास सांगितलं जातं. जनुकं तंतोतंत सारखी असूनही निम्म्याहून जास्त वेळा दुसरं मूल निरोगी राहतं. म्हणजे जनुकांखेरीज आणखी काहीतरी घडावं लागतं. संसर्ग, आतड्यातले जंतू, लहानपणी घेतलेली अँटिबायोटिक्स अशा अनेक गोष्टींचा अभ्यास चालू आहे, पण यातल्या कुठल्याही एकीवर बोट ठेवता येत नाही.

शिवाय हे काम एका जनुकाचं नाही. २०१३ मध्ये ऑलिगो आणि आरएफ नसलेल्या पॉली प्रकारातल्या २,८१६ मुलांच्या जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात धोक्याशी जोडलेल्या १४ नव्या जागा सापडल्या. पीटीपीएन२२, स्टॅट४, आयएल२आरए ही धोक्याशी जोडलेल्या जनुकांतली ओळखीची नावं. ही जनुकं प्रतिकारशक्तीच्या पेशी केव्हा पेटतात आणि केव्हा थांबतात याच्याशी संबंधित आहेत. प्रत्येकाचा वाटा अगदी थोडा असतो, आणि यांतले बरेच बदल पूर्ण निरोगी माणसांतही सर्रास असतात.

सगळे एचएलएचंच नाव का घेतात?

कारण जेआयएच्या धोक्यात सर्वांत मोठा वाटा त्याच भागाचा आहे. एचएलए हा सहाव्या गुणसूत्रावरचा जनुकांचा गट आहे. ही जनुकं पेशींच्या पृष्ठभागावर असे रेणू बनवतात, जे प्रथिनांचे तुकडे प्रतिकारशक्तीच्या पेशींसमोर धरतात. आपलं कोण आणि परकं कोण, हे त्यावरून ठरतं. माणसामाणसांत या जनुकांचे हजारो नमुने आहेत, आणि जेआयएच्या वेगवेगळ्या प्रकारांचं नातं वेगवेगळ्या नमुन्यांशी आहे. लहान वयात सुरू होणाऱ्या ऑलिगो प्रकारात एचएलएमधल्या डीआरबी१ या जनुकाचे ०८ आणि ११ हे गट जास्त दिसतात. आरएफ असलेल्या पॉलीत डीआरबी१ चा ०४ गट दिसतो, जो मोठ्यांच्या र्‍हुमॅटॉइड संधिवातातही असतो. एन्थेसायटिसच्या प्रकारात एचएलएचाच बी२७ हा नमुना पुष्कळदा असतो.

माझ्या मते या संशोधनातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे. वरवर सारख्या दिसणाऱ्या सुजलेल्या गुडघ्यांमागे मुळातच वेगळे आजार आहेत, हे जनुकांनी सिद्ध केलं.

अहवालात एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह आलं आहे. आता काय?

आधी एक श्वास घ्या. बी२७ हा आजार नाही. युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे ८ टक्के माणसांत ते असतं आणि त्यांतल्या बहुसंख्यांना आयुष्यभर संधिवात होत नाही. पाठीच्या कण्याच्या अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसशी त्याचं नातं १९७३ मध्ये उघड झालं. तेव्हापासून हे नाव ऐकलं की लोकांच्या डोळ्यांसमोर ताठ झालेला कणा येतो. पण प्रत्येक बी२७ त्या वाटेने जात नाही.

असं असलं तरी सांधे सुजलेल्या मुलात या अहवालाला अर्थ आहे. जेआयएची वर्गवारी ठरवताना ज्या तपासण्या मोजल्या जातात त्यांत जनुकीय तपासणी हीच एक आहे. सहा वर्षांनंतर आजार सुरू झालेला मुलगा, टाच किंवा गुडघ्याच्या वाटीखाली दुखणं, घरात आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला कण्याचा आजार, आणि त्यात बी२७ पॉझिटिव्ह, असं चित्र असेल तर डॉक्टर एन्थेसायटिसच्या प्रकाराचा विचार करतात आणि कमरेच्या खालच्या, म्हणजे सॅक्रोइलियाक सांध्यांवर लक्ष ठेवतात. तिथली सुरुवातीची सूज साध्या एक्स-रेवर दिसत नाही, त्यासाठी एमआरआय लागतो.

पुढच्या वाटचालीबद्दलही यातून काही कळतं. उत्तर युरोपातल्या देशांत १९९७ ते २००० या काळात आजार सुरू झालेल्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. आठ वर्षांनंतर पाहिलं तेव्हा बी२७ असलेल्यांत आजार पूर्ण शांत झालेला असण्याची शक्यता कमी दिसली, आणि मुलग्यांत कमरेच्या सांध्यांची लक्षणं जास्त दिसली. यातून घ्यायचं ते इतकंच, की बी२७ असलेल्या मुलाच्या पाठदुखीला, विशेषतः सकाळी जास्त असणाऱ्या आणि हालचालीने कमी होणाऱ्या दुखण्याला, ‘दप्तराच्या ओझ्याने होत असेल’ म्हणून सोडून देऊ नका.

एएनए, आरएफ आणि अँटी-सीसीपी या जनुकीय तपासण्या आहेत का?

नाहीत. त्या रक्तातल्या प्रतिपिंडांच्या तपासण्या आहेत आणि वेळेनुसार बदलू शकतात. पण पुढचा अंदाज बांधायला आजच्या घडीला त्या बहुतेक जनुकांपेक्षा जास्त कामाच्या आहेत. एएनए डोळ्यांच्या धोक्याबद्दल सांगतं. आरएफ आणि अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह असतील तर सांधे झिजण्याचा धोका जास्त असतो, आणि उपचार सुरुवातीपासून जोरात करावे लागतात. निरोगी मुलांतही एएनए पॉझिटिव्ह येऊ शकतं, त्यामुळे सूज नसताना केवळ त्यावरून संधिवाताचं निदान होत नाही.

मग प्रत्येक मुलाची पूर्ण एचएलए किंवा जनुकीय तपासणी करून घ्यावी का?

नेहमीच्या उपचारांसाठी त्याची गरज नाही. बी२७ सोडलं तर बाकीच्या एचएलए नमुन्यांवरून कोणतं औषध द्यायचं, किती दिवस द्यायचं हे बदलत नाही. अनेक जनुकांचे छोटे छोटे धोके एकत्र करून गुण काढण्याच्या पद्धती आहेत, आणि प्रकार ओळखायला त्यांची मदत होऊ शकते असं दिसतं आहे. पण हे बहुतांश संशोधन युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेलं आहे. तेच गुण दुसऱ्या समाजांना जसेच्या तसे लावणं बरोबर नाही. घरबसल्या लाळ पाठवून ‘संधिवाताचा धोका’ सांगणाऱ्या किटवर तर मुलाच्या बाबतीत मुळीच विसंबू नका.

जनुकीय तपासणीने खरोखर फरक पडतो अशी मुलं कोणती?

हा प्रश्न पालक फारसा विचारत नाहीत, पण मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. काही आजार हुबेहूब जेआयएसारखे दिसतात, पण ते एकाच जनुकातल्या बिघाडाने होतात. त्यांत नेहमीची औषधं चालत नाहीत, आणि मूल वर्षानुवर्षं स्टेरॉइड किंवा मेथोट्रेक्सेट (संधिवातात प्रतिकारशक्ती आवरणारं नेहमीचं औषध) विनाकारण घेत राहतं.

सीसीएन६ जनुकाच्या बिघाडाने होणारा एक आजार घ्या. साधारण तीन ते आठ वर्षांच्या वयात बोटांचे सांधे जाड दिसू लागतात, मूल अडखळत चालतं, सांधे आखडतात. पण ईएसआर आणि सीआरपी या दाह मोजणाऱ्या रक्ततपासण्या नॉर्मल, कारण तिथे दाह नसतोच. वाढलेलं असतं ते हाड आणि बिघडलेला असतो तो कूर्चा. एक्स-रे नीट पाहिला तर मणके चपटे झालेले दिसतात. पीआरजी४ जनुक बिघडलं तर सांध्यांना वंगण देणारं प्रथिन तयार होत नाही. जन्मापासून किंवा अगदी लहानपणी बोटं वाकलेली राहतात, मोठे सांधे पाण्याने फुगतात, कधी हृदयाभोवतीच्या आवरणातही पाणी होतं. एनओडी२ मधल्या बदलाने होणाऱ्या ब्लाऊ सिंड्रोममध्ये अगदी लहान मुलात पुरळ, मऊ फुगीर सांधे आणि डोळ्यांचा दाह हे तिन्ही एकत्र येतात. आणि २०१५ मध्ये एलएसीसी१ जनुकाच्या बिघाडाने होणारा, सिस्टेमिक जेआयएसारखा दिसणारा संधिवात काही कुटुंबांत आढळला. तो आई आणि वडील या दोघांकडून सदोष प्रत आली तरच होतो.

तेव्हा आजार वयाच्या पहिल्या एक-दोन वर्षांत सुरू झाला असेल, घरात दोन भावंडांना तोच त्रास असेल, आईवडील जवळच्या नात्यातले असतील, सांधे आखडलेले असूनही दाहाच्या तपासण्या सतत नॉर्मल येत असतील, किंवा चांगले उपचार होऊनही काहीच फरक पडत नसेल, तर डॉक्टरांना थेट विचारा: ‘एकाच जनुकाचा आजार असू शकतो का?’ इथे तपासणीचा खर्च आणि त्रास सार्थकी लागतो.

डोळ्यांचं काय? दुखत नाहीत तरी तपासणी कशाला?

दुखत नाहीत म्हणूनच. जेआयएमधला नेहमीचा यूव्हिआयटिस, म्हणजे डोळ्याच्या आतला दाह, लाली किंवा वेदना न दाखवता चालू राहतो. मूल काही सांगत नाही आणि घरात कोणाला काही दिसत नाही. लक्षात येईपर्यंत बाहुलीच्या कडा चिकटलेल्या असतात, मोतीबिंदू किंवा काचबिंदू झालेला असू शकतो. बी२७ शी जोडलेला डोळ्यांचा दाह मात्र याउलट अचानक येतो, डोळा लाल होतो, दुखतो आणि उजेड सहन होत नाही.

सर्वाधिक धोका कोणाला, हे ठरवण्यासाठी आज तीन साध्या गोष्टी वापरल्या जातात: ऑलिगोसारखा प्रकार, एएनए पॉझिटिव्ह आणि सात वर्षांच्या आत सुरू झालेला आजार. अशा मुलाची पहिली चार वर्षं तरी दर तीन महिन्यांनी नेत्रतज्ज्ञाकडून स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळ्याच्या आतलं मोठं करून दाखवणाऱ्या यंत्रावर, तपासणी व्हायला हवी. डीआरबी१ च्या रेणूत अकराव्या जागी सेरीन हे अमिनो आम्ल असेल तर यूव्हिआयटिसचा धोका वाढतो आणि हे नातं मुलींमध्ये ठळक आहे, असं संशोधनात दिसलं आहे. पण तपासणीचं वेळापत्रक अजून त्यावरून ठरत नाही. म्हणून ‘जनुकीय अहवाल चांगला आहे’ या समजुतीवर डोळ्यांची एकही तारीख चुकवू नका.

वेळेत सापडलं तर उपचार चांगले आहेत. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मेथोट्रेक्सेटच्या जोडीला अॅडालिमुमॅब हे दाह रोखणारं इंजेक्शन दिलेल्या मुलांपैकी २७ टक्क्यांत उपचार अपयशी ठरले, तर नुसत्या मेथोट्रेक्सेटवर हे प्रमाण ६० टक्के होतं. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी आधीच थांबवण्यात आली.

सिस्टेमिक प्रकारात जनुकांची भूमिका वेगळी आहे का?

बरीच वेगळी. इथे प्रतिकारशक्तीची जन्मजात, झटपट पेटणारी बाजू जास्त गुंतलेली असते. २०१५ मध्ये डीआरबी१ च्या ११ गटाशी त्याचं नातं दाखवलं गेलं. या प्रकारातला सर्वांत गंभीर धोका म्हणजे मॅक्रोफेज अॅक्टिव्हेशन सिंड्रोम. त्यात न उतरणारा ताप येतो, रक्तातलं फेरिटिन हे प्रथिन झपाट्याने वाढतं, रक्तपेशी आणि प्लेटलेट कमी होतात. काही मुलांत पेशी मारण्याच्या यंत्रणेच्या जनुकांत बदल आढळतात. असा ताप ही तातडीची स्थिती आहे, दवाखान्यात जायला सकाळची वाट पाहू नये.

आणखी एक नवी गोष्ट म्हणजे फुप्फुसांचा आजार. सिस्टेमिक जेआयए असलेल्या काही मुलांत तो दिसू लागला, आणि त्यांच्यात डीआरबी१ चा १५ गट जास्त आढळला. आयएल-१ आणि आयएल-६ हे दाह पेटवणारे रेणू रोखणाऱ्या औषधांच्या प्रतिक्रियेशी याचा संबंध असावा असं एका गटाचं म्हणणं आहे, तर मूळ आजाराची तीव्रताच कारण असावी असं दुसऱ्याचं. ही औषधं मुलांना वाचवतात, म्हणून घाबरून स्वतःहून बंद करू नका. बोटांची टोकं फुगणं, धाप, सततचा खोकला दिसला तर मात्र लगेच कळवा.

मोठेपणी किती मुलं पूर्ण बरी होतात?

आधी ‘बरी’ म्हणजे काय ते ठरवूया. औषध पूर्ण थांबवून बारा महिने आजाराचं एकही लक्षण नसेल, तर त्याला औषधाविना रेमिशन म्हणतात.

उत्तर युरोपातल्या त्या अभ्यासात आठ वर्षांनंतर ४२.४ टक्के मुलं औषधाविना रेमिशनमध्ये होती, ८.९ टक्के औषधावर शांत होती आणि ४८.७ टक्क्यांत आजार रेमिशनमध्ये नव्हता. अठरा वर्षांनंतर, म्हणजे ती मुलं विशीत पोचल्यावरही, सुरुवातीला थोडे आणि नंतर जास्त सांधे धरलेल्या ऑलिगोत आणि एन्थेसायटिसच्या प्रकारात रेमिशन सर्वांत कमी होतं. ‘मोठा झाला की आपोआप जाईल’ असं नातेवाईक सांगतात, त्यावर विसंबता येत नाही ते यामुळे.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. कॅनडात २००५ ते २०१० मध्ये निदान झालेल्या १,१०४ मुलांच्या पाठपुराव्यात दोन वर्षांच्या आत बहुतेक सर्व प्रकारांत ७० टक्क्यांहून अधिक मुलांचा आजार किमान एकदा शांत झाला होता. आरएफ असलेल्या पॉलीत हा आकडा ४८ टक्के होता. पाच वर्षांत औषधाविना रेमिशन बहुतेक प्रकारांत ४६ ते ५७ टक्के मुलांना मिळालं, पण आरएफ नसलेल्या पॉलीत १४ टक्के आणि आरएफ असलेल्या पॉलीत एकालाही नाही. सुरुवातीलाच ‘प्रकार कोणता ते स्पष्ट करून घ्या’ म्हटलं ते या आकड्यांमुळेच.

मग पुढचं नेमकं कशावर ठरतं?

प्रकार, सुरुवातीला किती सांधे धरले, खुबा, मनगट किंवा मान लवकर धरली का, ईएसआर किती काळ वाढलेला राहिला, आरएफ आणि अँटी-सीसीपी आहे का. आणि या सगळ्यांच्या जोडीने, उपचार किती लवकर सुरू झाले. जनुकं बदलता येत नाहीत, उशीर टाळता येतो. सूज असलेलं गुडघ्याचं दुखणं ‘वाढीचं दुखणं’ म्हणून महिनोन्‌महिने अंगावर काढलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं. वाढीच्या दुखण्यात सांधा सुजत नाही आणि मूल सकाळी लंगडत नाही.

कोणतं औषध लागू पडेल, हे जनुकं सांगतात का?

अजून नाही. मेथोट्रेक्सेटसाठी एमटीएचएफआरसारख्या जनुकांचा खूप अभ्यास झाला, पण त्यावरून डोस ठरवण्याइतकं ठाम काही हाती आलेलं नाही.

औषध केव्हा थांबवता येईल?

ठराविक महिना सांगता येत नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३६४ मुलांच्या चाचणीत आजार शांत झाल्यावर मेथोट्रेक्सेट सहा महिन्यांनी थांबवलं काय किंवा बारा महिन्यांनी काय, दोन वर्षांत निम्म्याहून थोड्या जास्त मुलांत तो पुन्हा उसळला. दोन्ही गटांत प्रमाण जवळजवळ सारखं होतं. मात्र थांबवतेवेळी रक्तात एमआरपी८/१४ हे दाहाचं प्रथिन जास्त असलेल्यांत धोका अधिक होता. म्हणजे वरून शांत दिसणाऱ्या सांध्यात आत निखारा असू शकतो. आजार पुन्हा उसळला तर ते कोणाचं अपयश नसतं, आणि बहुतेकदा तेच औषध पुन्हा लागू पडतं.

वाढीवर परिणाम होतो का?

होऊ शकतो. सुजलेल्या गुडघ्याला रक्तपुरवठा वाढतो आणि लहान मुलात तो पाय जास्त लांब होतो. जबड्याचा सांधा धरला तर हनुवटी मागे राहते, आणि हे बहुधा न दुखता होतं. दीर्घकाळ स्टेरॉइड घेतल्याने उंची आणि हाडं दोन्हींचं नुकसान होतं. मुलाला खेळू द्या. शांत झालेल्या आजारात व्यायामाने सांधे बिघडत नाहीत.

धाकट्या भावंडाची आधीच तपासणी करावी का?

लक्षणं नसतील तर नको. सख्ख्या भावंडाचा धोका इतरांपेक्षा सुमारे बारा पट मानला जातो, पण मूळ प्रमाण हजारात एक आहे. म्हणजे शंभरात एकाच्या आसपास. शंभरातली नव्व्याण्णव भावंडं निरोगी राहतात. निरोगी मुलाचं बी२७ तपासून त्याच्या प्रत्येक दुखण्याकडे संशयाने पाहण्यापेक्षा, सूज किंवा सकाळचा ताठरपणा दिसला तर लवकर दाखवणं पुरेसं आहे.

माझ्याकडून आलं का? माझं काही चुकलं का?

नाही. धोका वाढवणारे बदल आईकडूनही येतात आणि वडिलांकडूनही, आणि तेच बदल लाखो निरोगी माणसांत असतात. गरोदरपणातल्या एखाद्या खाण्याने, लसीने, थंड पाण्याने हे झालेलं नाही. घरात कोणी आईला दोष देत असेल तर हे उत्तर त्यांना वाचून दाखवा.

अठरा वर्षांनंतर काय? लग्न, मूल?

आरएफ असलेला पॉली हा मोठ्यांचा र्‍हुमॅटॉइड संधिवातच लहान वयात आलेला असतो. सिस्टेमिक जेआयए आणि मोठ्यांचा स्टिल्स डिसीज हा एकच आजार मानावा, असं युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०२४ च्या शिफारशींत स्पष्ट म्हटलं आहे. एन्थेसायटिसचा प्रकार मोठेपणी कण्याच्या संधिवातात मोडतो. त्यामुळे बालरोग विभागातून मोठ्यांच्या संधिवाततज्ज्ञाकडे जाताना मधे खंड पडू देऊ नका. निदानाचा प्रकार, बी२७, एएनए, आरएफ यांचे अहवाल, कोणतं औषध केव्हा सुरू केलं, का थांबवलं आणि डोळ्यांची शेवटची तपासणी, एवढं एका फाइलमध्ये असू द्या. पंधराव्या वर्षापासून ती फाइल मुलाच्या किंवा मुलीच्याच हाती द्या.

संसार आणि मूलबाळ यांत या आजाराचा अडसर सहसा येत नाही. मेथोट्रेक्सेट मात्र गर्भाला घातक आहे. गर्भधारणेचा विचार असेल तर मुलीने ते एक ते तीन महिने आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवावं, आणि गरोदरपणात चालणारं दुसरं औषध त्याआधीच सुरू करून घ्यावं.